अडतीस नग, आमली ते गलोंडा

आमली ते गलोंडा या मार्गावर एकही मनुष्य प्रवास करीत नाही, हे सिल्वासा व परिसर प्रादेशिक वाहतूक नियोजन संघटनेने १९९१ साली शास्त्रीय पद्धतीने सिद्ध केले. ते सिद्ध होत असताना शैलजा घाडी ही शिक्षिका रोज सकाळी सव्वासहाला, टेम्पोचा फाळका घट्ट धरून, सदतीस कामगारांच्या मधोमध उभी राहून आमलीहून गलोंड्याच्या शाळेत जात होती. सर्वेक्षणाचा फॉर्म ज्याने भरला तो कनिष्ठ गणक विश्वनाथ घाडी तिचा नवरा होता. विश्वनाथ देवगडकडचा, अत्यंत प्रामाणिक मनुष्य. घोटाळ्याची सुरुवात तिथूनच झाली.

संघटना कशासाठी होती ते आधी सांगितले पाहिजे. आमच्या प्रदेशाचा आकार असा आहे की सायकलचा ब्रेक जरा उशिरा लागला तर माणूस दुसऱ्या राज्यात जातो. तेव्हा इथला कुठलाही रस्ता एकट्याने आखता येत नाही. शेजारच्या दोन्ही राज्यांचे इंजिनियर, कारखानदारांचे प्रतिनिधी, प्रशासनाचे अधिकारी आणि रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ अशी अकरा जणांची समिती होती. प्रदेशात रेल्वे नसल्यामुळे या गृहस्थांवर कामाचा ताण नव्हता, आणि म्हणून त्यांची हजेरी सर्वांत चांगली होती. सदस्य-सचिव होते मुंबईहून आलेले श्री. दत्तात्रय मोडक. शहरी वाहतुकीवरची तीन जाड पुस्तके त्यांच्या मागच्या काचेच्या कपाटात असत आणि त्या कपाटाला कुलूप असे.

संघटनेच्या ताब्यात एक कोरी बस होती. फिकट पिवळी, अठ्ठेचाळीस आसनांची, आवारातल्या चिंचेखाली उभी. ज्या मार्गावर रोज किमान पन्नास प्रवासी आढळतील त्या मार्गाला ती द्यायची, असा ठराव होता. मार्ग ठरेपर्यंत बस नुसती कशाला ठेवायची, म्हणून समितीच्या बैठका बसमध्येच भरू लागल्या. अकरा माणसांत अठ्ठेचाळीस आसने फार रिकामी दिसत, म्हणून सहा उपसमित्या नेमण्यात आल्या. थोड्याच दिवसांत बस भरली.

या बसकडे शैलजा डोळे लावून बसली होती. तिला तिसरा महिना होता. डॉक्टरीणबाईंनी तपासून बजावले होते, "खड्ड्यांतून उभ्यानं जाणं बंद करा. बस सुरू होतेय म्हणतात ना? तोवर रजा घ्या." रजा नव्वद दिवसांची. ती आधीच खर्च केली तर नंतर बाळाजवळ बसायचे कुणी? म्हणून शैलजा टेम्पोतच जात राहिली आणि रोज रात्रीच्या जेवणाला एकच प्रश्न ताटात वाढत राहिली.

"बस कधी?"

"मोजणी होऊ दे," विश्वनाथ म्हणे. "मोजणीत गलोंड्याचे पन्नास भरतात. तुझा टेम्पोच अडतीसांचा, वर दुसऱ्या दोन खेपा. बस आपलीच धर."

मोजणीच्या पहिल्या दिवशी विश्वनाथ आमलीच्या टोकाला खुर्ची टाकून बसला. शैलजाचा नेहमीचा, काळू ड्रायव्हरचा टेम्पो आला. विश्वनाथने एकेक डोके मोजले, बायकोच्या डोक्याशी किंचित हसला आणि लिहिले : माणसे ३८. टेम्पोत मागे उभी असलेली भिमाबाई वाकून बघत होती. ती नंदुरबारकडची, गलोंड्याला सुताच्या कारखान्यात कामाला.

"काय लिही राहिले, भाऊ?"

"तुमचीच मोजणी. बस मिळणार तुम्हाला."

"मंग आमचं नाव बी लिहा ना. नुसतं डोकं काय कामाचं?"

संध्याकाळी मोडकसाहेबांनी तो फॉर्म पाहिला आणि विश्वनाथला समोर बसवले. ते कधी आवाज चढवीत नसत.

"घाडी, काळूच्या टेम्पोचा परवाना कशाचा आहे?"

"मालाचा, साहेब."

"मालाच्या गाडीत माणसं बसवणं काय आहे?"

"गुन्हा आहे, साहेब."

"मग तुम्ही इथे अडतीस गुन्हे सरकारी कागदावर नोंदवलेत. नोंद झाली की कारवाई करावी लागते. कारवाई केली की टेम्पो बंद. टेम्पो बंद झाला की कामगार पोचत नाहीत, म्हणजे कारखाने बंद. तुम्हाला हा प्रदेश बंद पाडायचा आहे का?"

विश्वनाथला तसे काहीही करायचे नव्हते.

"तेव्हा मालाच्या गाडीत जे असेल ते मालवाहतुकीच्या रकान्यात जाईल. नग मोजा. सरासरी वजन लिहा. शेरा लिहायचा तर जरूर लिहा, शेऱ्याला मोकळीक आहे."

दोन महिने विश्वनाथने नग मोजले. सकाळी नग अडतीस, संध्याकाळी नग अडतीस. रस्त्याने पायी जाणाऱ्यांसाठी फॉर्मात रकाना नव्हताच, कारण पायी चालणे ही वाहतूक नसून सवय आहे, असे एका उपसमितीने आधीच ठरवले होते. शेऱ्याच्या जागी मात्र त्याने मन लावून लिहिले : "परतीच्या वेळी माल मळलेला व वाकलेला आढळतो."

आकडे तज्ज्ञ सल्लागारांकडे गेले. सल्लागार चक्रावले. प्रवासी शून्य, त्याबद्दल त्यांना काही वाटले नाही, पण हा माल कसला? सकाळी गलोंड्याला जातो, संध्याकाळी तितक्याच नगांत परत येतो, आणि येताना खराब होऊन येतो. त्यांनी चाळीस पानांचा अहवाल दिला. गलोंड्यातील कारखाने आमलीहून येणारा सर्व कच्चा माल रोज नापसंत करून परत पाठवतात, दिवसभराच्या हाताळणीत मालाचे नुकसान होते, तरी तोच माल दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठवला जातो, ही देशाची हानी आहे, असे त्यात म्हटले होते. उपाय म्हणून आमलीच्या टोकाला माल-तपासणी नाका, वजनकाटा आणि प्रत्येक नगाला बिल्टी, म्हणजे मालाची पावती, सुचवली होती. बसची शिफारस अर्थातच नव्हती. ज्या मार्गावर प्रवासीच नाही त्याला बस देणे अशास्त्रीय होते.

त्या रात्री जेवताना शैलजाने नेहमीचा प्रश्न विचारला, आणि विश्वनाथने अहवाल सांगितला. तिने हातातला घास परत ताटात ठेवला.

"तुम्ही मला मालात लिहिलंत?"

"तुला म्हणून नाही. सगळ्यांनाच. तुला एकटीला वेगळं लिहिलं असतं तर पक्षपात झाला असता."

"घरी तरी माणसांत धरता ना?"

विश्वनाथला फार वाईट वाटले. वाईट वाटण्याच्या बाबतीत तो कधी कमी पडला नाही, हे आम्ही त्याच्या बाजूने नमूद करतो.

नाका उभा राहिला. एक खोली, एक वजनकाटा, एक टेलिफोन आणि रस्त्यावर आडवा बांबू. बांबूची दोरी विश्वनाथच्या खुर्चीच्या पाठीला बांधलेली असे, म्हणजे त्याला जागचे उठावे लागू नये. प्रत्येक नगाने काट्यावर उभे राहायचे, वजन लिहून घ्यायचे, बिल्टी गळ्यात अडकवायची. पुढे असे लक्षात आले की माल आपण होऊन गाडीत चढतो, ते नियमात बसत नाही. तेव्हा दोन हमाल नेमले गेले. ते चढणाऱ्याच्या दंडाला बोट लावून "चढवला" असे मोठ्याने म्हणत. या सगळ्याला तास लागे, म्हणून सव्वासहाचा टेम्पो गाठायला लोक सव्वापाचला रांगेत उभे राहू लागले. सहाव्या महिन्यातली शैलजाही त्या रांगेत उभी राहू लागली.

विश्वनाथने तिच्यासाठी जे करता येण्यासारखे होते ते केले. बिल्टीवर मालाचा तपशील लिहावा लागे. इतरांच्या पुढे तो 'किरकोळ' लिही. शैलजाच्या बिल्टीवर त्याने सुरेख अक्षरात लिहिले, 'शैक्षणिक साहित्य', आणि वर लाल शाईने 'नाजूक'. काळूला बाजूला घेऊन तो म्हणाला, "जरा जपून चालव. खड्डे चुकव."

"साहेब, रस्त्यामंदी खड्डा हाय के खड्ड्यामंदी रस्ता हाय, ए तुमची संघटना बोलेल ने," काळू म्हणाला. "मी तर मालवाला. पण माझा माल तर बोलतो, रडतो, उलटी पण करतो. असा माल मी वापीपर्यंत कधी बघितला नाय."

भिमाबाईला मात्र बिल्टी आवडली. तिने ती नीट घडी करून बटव्यात ठेवायला सुरुवात केली होती.

"टिंगल नको करू, बाई," शैलजा तिला म्हणाली.

"टिंगल कशाची? कागदावर काय लिहेल हाये ते वाचा ना. वाटेत माल फुटला तं भरपाई. मागच्या साली आमच्या लक्षीचं बोट मशीनमंदी गेलं, तिले काय भेटलं? ती मानूस होती ना. आपन गोणी हाओत तेच बरं."

या बोलण्यावर रांगेतले लोक हसले. शैलजाही हसली, आणि मग पोटावर हात ठेवून काट्याच्या कठड्याला टेकून उभी राहिली.

महिने गेले. संघटनेच्या वार्षिक अहवालात मोडकसाहेबांनी एका नोंदीचा खास गौरव केला. आमली-गलोंडा मार्गावरील शैक्षणिक साहित्याचे वजन अवघ्या अडीच महिन्यांत सहा किलोंनी वाढले होते. ग्रामीण भागात शिक्षण झपाट्याने पसरत असल्याचा हा वजनदार पुरावा आहे, असे त्यांनी लिहिले. बसमध्ये भरलेल्या बैठकीत टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत, चौथ्या रांगेत खिडकीपाशी, विश्वनाथही होता.

शैलजाला अजून तीन आठवडे अवकाश होता. पण त्या गुरुवारी, संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला, काळूचा टेम्पो हॉर्न दाबतच नाक्यावर आला. विश्वनाथने सवयीने बिल्ट्यांची चळत पुढे ओढली. फाळक्यावरून भिमाबाईने अर्धे अंग बाहेर काढले.

"भाऊ, बांबू वर करा! बाईले कळा सुरू झाल्या! दवाखान्यात न्यायचं हाये, उशीर नका करू!"

विश्वनाथ ताडकन उठला. उठला, आणि पुन्हा बसला, कारण तपासणी न करता माल सोडल्यास गणक जबाबदार, असे त्याच्या समोरच्या भिंतीवर लिहिलेले होते. त्याने टेलिफोन उचलला.

"साहेब, घाडी बोलतोय. नाक्यावर आपत्कालीन प्रसंग आहे. टेम्पो तसाच सोडू का?"

"आपत्कालीन तरतूद प्रवाशांसाठी आहे, घाडी. मालाला आपत्काल नसतो."

"साहेब, माझी बायको आहे."

मोडकसाहेब काही दुष्ट गृहस्थ नव्हते.

"असं का? मग मार्ग काढला पाहिजे. नाशवंत मालाला अग्रक्रम आहे. भाजी, मासळी, दूध वगैरे. नमुना 'ग' भरा, तीन प्रतींत, आणि अग्रक्रम देऊन टाका. मीच फोनवर मंजुरी देतो. आता याहून मी काय करू शकतो, सांगा!"

विश्वनाथचे डोळे भरून आले. वरिष्ठांनी नियमात राहून इतकी माणुसकी दाखवल्याचे त्याने नोकरीत प्रथमच पाहिले. त्याने कार्बन लावला आणि लिहायला घेतले. टेम्पोत शैलजा ओरडली. त्याचे अक्षर बिघडले नाही. मालाचे वर्णन. पाठवणाराचे नाव. घेणाराचे नाव. सातव्या रकान्यात विचारले होते, 'माल किती वेळात नासणे संभवते?' तिथे तो अडला.

इथे आम्हाला विश्वनाथचा राग येतो, तो आम्ही लपवीत नाही. बांबूची दोरी त्याच्या पाठीमागे वीतभर अंतरावर होती. गाठ सैल होती. नुसता मागे हात नेला असता तरी सुटली असती. पण त्याचे दोन्ही हात कामात होते. एकाने कागद धरला होता आणि दुसऱ्याने पेन.

टेम्पोत बायांनी लुगड्यांचा आडोसा केला. भिमाबाईचा आवाज येत राहिला, "जोर कर, बाई, जोर कर, मी हाये ना." पुरुष खाली उतरून रस्त्याकडे पाठ करून उभे राहिले. त्यांना कुणी उतरवले नव्हते, म्हणजे तेही नियमाबाहेरच झाले. सातव्या रकान्यावर पेन टेकवून विश्वनाथ बसलेला असताना रडण्याचा आवाज आला, बारीक आणि अत्यंत संतापलेला.

काळूने मग कुणाला विचारले नाही. तो गाडीत चढला, गियर टाकला आणि बांबू मोडून टेम्पो दवाखान्याच्या दिशेने घेऊन गेला. बांबूबरोबर दोरी गेली आणि दोरीबरोबर खुर्चीही थोडी गेली. धुळीत पडल्या पडल्या विश्वनाथने, केवळ हाताला लागलेल्या वळणामुळे, मोजणी केली. गलोंड्याहून भरले होते अडतीस. नाक्यावर झाले एकोणचाळीस.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये तातडीची बैठक भरली. मोडक्या बांबूचा विषय पाच मिनिटांत मिटला. एकोणचाळिसाव्या नगाचा मिटेना. या नगाची बिल्टी नव्हती, त्याचे वजन झाले नव्हते आणि हमालांनी त्याला चढवलेही नव्हते.

"चोरटा माल म्हणावा काय?" कारखानदारांच्या प्रतिनिधींनी विचारले.

"गाडीत चढलाच नाही तो चोरटा कसा?" मोडकसाहेब म्हणाले. त्यांनी डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा ते प्रसन्न दिसत होते. "गृहस्थ हो, ज्याची बिल्टी नाही तो माल नाही. जो माल नसून वाहनात आढळतो, त्याला काय म्हणतात?"

सहाही उपसमित्या एकमेकींकडे बघू लागल्या.

"प्रवासी!" रेल्वेचे निवृत्त गृहस्थ उद्गारले. नोकरीत एवढी मोठी गोष्ट त्यांना कधी सुचली नव्हती. मग त्यांनाच शंका आली, "पण पाच वर्षांखालच्यांना रेल्वेत तिकीट नसतं."

"फुकट असला तरी प्रवासीच," मोडकसाहेबांनी निर्णय दिला. "आमली-गलोंडा मार्गावर संघटनेच्या इतिहासातला पहिला प्रवासी आढळला आहे."

टाळ्यांनी बस हलली. सल्लागारांनी तिथल्या तिथे आलेख काढला. प्रवासी शून्यावरून एक झाले होते. ही वाढ इतकी प्रचंड होती की तिची टक्केवारी निघेना. याच वेगाने गेल्यास २०११ साली गलोंड्याला उड्डाणपूल लागणार होता. बसबद्दल ठराव झाला की पन्नासाची अट आता टप्प्यात आली असून, उरलेले एकोणपन्नास प्रवासी आढळताच बस सुरू करण्यात येईल.

ठराव नाक्यावर डकवला तेव्हा भिमाबाईने तो वाचून घेतला.

"एकोणपन्नास?" ती म्हणाली. "ते आमी बायांनीच आणायचे का? का साहेब लोकं बी काही उचलतील?"

बैठक संपल्यावर विश्वनाथने पेढे वाटले. मोडकसाहेबांपासून हमालांपर्यंत सगळ्यांनी त्याचा हात हातात घेऊन अभिनंदन केले आणि सगळ्यांनी तेच दोन प्रश्न विचारले. मुलगा की मुलगी? आणि वजन किती भरलं? विश्वनाथने प्रत्येकाला दोन्ही उत्तरे हसतमुखाने दिली, पन्नास पेढे संपेपर्यंत.

ती उत्तरे आम्ही अजून दिलेली नाहीत, आणि ती तुम्हाला हवी आहेत, हे आम्हाला ठाऊक आहे. बाळ रडले तेव्हापासून तुम्ही तेच शोधत वाचत आलात. मुलगी झाली. वजन दोन किलो तीनशे. घ्या लिहून. तीन आठवडे आधी, टेम्पोच्या पत्र्यावर, आडोशाला धरलेल्या लुगड्यांमागे बाळंत झालेली शैलजा कशी आहे, हे संघटनेतल्या एकानेही विचारले नाही, कारण त्यांच्या फॉर्मात तो रकाना नव्हता. तुमच्या फॉर्मात होता का, ते तुम्ही बघा.